शल्यवैद्याचे मनःस्थैर्य

 

संस्कृत पाठशाळेतील माझ्यासारख्याने शस्त्रक्रियेविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु कठीण दुखणे आले की निपाणीकडील आपण सारे मिरजेची अथवा बेळगावची वाट धरतो. मिरजेस डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभारले; बेळगावास १९६३ साली जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय निघाले. तेथे रोग्याची चिंता आपण करतो. हाती शस्त्र घेऊन त्याच्यापाशी उभ्या राहणाऱ्या शल्यवैद्याच्या मनाचा विचार मात्र क्वचितच करतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या वडिलांवर शस्त्रक्रिया व्हावयाची होती. शल्यवैद्य आत निघाले तोच त्यांचे हात धरून मी म्हणालो, “डॉक्टरसाहेब, आता आपणच आमचे देव. बाबांना काही झाले तर आमचे घर बसेल.” ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “शास्त्रीबुवा, देवाचा हात थरथरत नाही. माझा थरथरू शकतो. एवढे ओझे देऊन मला आत पाठवू नका.” वडील सुखरूप घरी आले, परंतु ते शब्द माझ्या मनातून गेले नाहीत.

पाठशाळेत परतल्यावर मी सुश्रुतसंहिता उघडली. शस्त्रकर्म करणाऱ्या वैद्याचे गुण सांगताना सुश्रुतांनी शौर्य, त्वरा व शस्त्राची तीक्ष्णता यांच्या जोडीला आणखी तीन गोष्टी सांगितल्या आहेत: घाम न येणे, कंप न सुटणे आणि मन गोंधळून न जाणे. एकशे एक यंत्रे सांगून त्यांतही हात हेच प्रधान यंत्र, असे ते म्हणतात. मन डळमळले की हे प्रधान यंत्रच डळमळते, हे त्यांनी पुरते ओळखले होते.

मग हे स्थैर्य जन्मजात असते काय? सुश्रुतांचे तसे मत दिसत नाही. छेदनाचा अभ्यास भोपळ्यावर व काकडीवर, वेधनाचा कमळाच्या देठावर, शिवण्याचा वस्त्रावर व मऊ चामड्यावर, आणि पट्टबंधनाचा पुतळ्यावर करावा, असे ते सांगतात. शस्त्रे, कापूस, मध, तूप, उष्ण व शीत जल आधीच जवळ ठेवावे. साहाय्यक प्रेमळ, स्थिर व बलवान असावेत. तात्पर्य, मनःस्थैर्य ऐन वेळी आणता येत नाही. ते पूर्वतयारीने सिद्ध होते.

आजचे शास्त्रही याच दिशेने गेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी एकोणीस बाबींची पडताळणी-सूची प्रसिद्ध केली. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रोग्यास बाहेर नेण्यापूर्वी सर्वांनी थांबावयाचे. आपले नाव व काम मोठ्याने सांगावयाचे. धोका कोठे आहे ते बोलावयाचे. दिल्लीसह आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ही पद्धत चालविली, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. एकट्याने वाहावयाचा भार येथे अनेकांत वाटला जातो. जर्मनीत हॅनोव्हर येथे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांत दर पंचवीस मिनिटांनी पाच मिनिटे विश्रांती घेऊन पाहिली. २०११ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रिया लांबली नाही, आणि शल्यवैद्यांच्या शरीरातील ताणाचे द्रव्य मात्र कमी आढळले. क्षणभर थांबणे म्हणजे दुबळेपणा नव्हे.

सद्भक्तहो, यात आपलाही वाटा आहे. विचारावयाचे ते आदल्या दिवशी निःसंकोच विचारावे. तो आपला अधिकार आहे. आपला हा तंबाखूचा मुलूख. तंबाखूचे व्यसन, पूर्वीची दुखणी, चालू औषधे यांतील काहीही लपवू नये. बाहेर लपविलेली गोष्ट आत अकस्मात समोर उभी राहते आणि तेथेच हात अडखळतो. यशाची हमी मागू नये. फळ विपरीत आले आणि शंका राहिली, तर कायद्याचा मार्ग मोकळा आहे. हात उगारू नये. आज एकावर उगारलेला हात उद्या दुसऱ्या रोग्याच्या शस्त्रक्रियेत वैद्याच्या मनात भय होऊन उभा राहतो.

त्या दिवशी मी वैद्यांना देव म्हणालो, ते प्रेमाने नव्हे, भयाने. त्यांना माणूस मानले असते, तर त्यांचा भार थोडा हलका झाला असता. ही चूक आपणांकडून न होवो, एवढीच श्रीगुरुचरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.