बालरुग्णाच्या पाठीशी घर आणि गाव



घरातील सहा वर्षांच्या मुलीला रक्ताचा कर्करोग झाला आहे, हे शब्द कानी पडताच आईबापांच्या पायांखालची जमीन सरकते. डिचोली तालुक्यातील अशा एखाद्या कुटुंबाचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. न हटणारा ताप, फिकट पडलेला चेहरा, हाडांतील ठणका आणि मार न लागताही अंगावर उठणारे काळेनिळे डाग, एवढ्यावरून आरंभी कोणालाही शंका आली नाही. बांबोळीच्या इस्पितळात रक्ताची व अस्थिमज्जेची तपासणी झाली, तेव्हा रोगाचे नाव कळले आणि कुटुंबाने मुंबईची वाट धरली. परळ येथे १९४१ साली सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात देशाच्या कानाकोपऱ्यांतून अशी कुटुंबे येत असतात.

मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा रक्ताचा कर्करोग आज पुष्कळ अंशी बरा होणारा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार संपन्न देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी शेकडा ८० हून अधिक बरी होतात. अल्प व मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत मात्र हे प्रमाण शेकडा ३० च्याही खाली राहते. रोग उशिरा ओळखला जाणे आणि उपचार अर्ध्यावर सोडला जाणे ही त्याची दोन प्रमुख कारणे होत.

उपचार सोडण्याचा मोह होतो तो मूल बरे दिसू लागल्यावर. पहिल्या महिन्याच्या उपचारानंतर बहुतेक मुलांच्या तपासणीत रोगपेशी दिसेनाशा होतात. मूल हसूखेळू लागते. इकडे काजूचा हंगाम तोंडावर आलेला असतो, थोरला मुलगा शेजाऱ्यांकडे जेवत असतो, आणि आजी विचारते, "पोर बरी झाली, आता तिला सुया कशाला टोचता?" या प्रश्नामागे माया आहे, परंतु शरीरात दडून राहिलेल्या पेशी औषध थांबताच पुन्हा वाढतात, आणि उलटलेला रोग आवरणे अधिक कठीण असते. म्हणूनच हा उपचार दोन ते तीन वर्षे चालतो. हे आजीलाही समजावून सांगितले पाहिजे, कारण घरातील निर्णयात तिच्या शब्दाला वजन असते.

उपचाराच्या काळात मुलाची प्रतिकारशक्ती क्षीण होते. ताप आल्यास सकाळची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे. उकळलेले पाणी आणि ताजे, गरम अन्न द्यावे. गळलेले केस पुन्हा येतात, हे मुलाला आधीच सांगावे. सुई टोचणार असेल तर "काही होणार नाही" असे खोटे सांगू नये. "थोडे दुखेल, पण आई जवळ आहे" असे सांगितले, तर मुलाचा विश्वास टिकतो. घरी राहिलेल्या भावंडालाही आजाराविषयी खरे सांगावे. आपल्याच चुकीने बहीण आजारी पडली, असा समज मुले मनात करून घेतात.

या उपचारातील एक महत्त्वाचे औषध, व्हिन्क्रिस्टिन, आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून मिळते. मात्र त्याची मात्रा अत्यंत काटेकोर असते. घरी पानांचा काढा करून मुलाला देणे घातक ठरेल.

हा भार एकट्या कुटुंबाला पेलवणारा नाही. कर्करोगाच्या रुग्णाला व त्याच्या सोबत्याला रेल्वेभाड्यात सवलत मिळते. सेंट ज्यूड या संस्थेने २००६ पासून मुंबईत बालरुग्णांच्या कुटुंबांसाठी विनामूल्य निवासाची सोय उभारली आहे. रुग्णालयातील समाजसेवकांकडे अशा साहाय्याची माहिती मिळते. रहिवास व उत्पन्नाचे दाखले अधिकाऱ्यांनी एकाच खेपेत दिले, तर बापाचे हेलपाटे वाचतात आणि उपचाराचा दिवस चुकत नाही. तरुणांनी रक्तदान करावे. प्लेटलेट हा रक्तघटक साठवणीत जेमतेम पाच दिवस टिकतो, त्यामुळे त्याची गरज सतत असते. शेजाऱ्यांनी कुटुंबाची बागायत एक हंगाम सांभाळावी.

शिक्षकांवरील जबाबदारीही मोठी आहे. हा रोग संसर्गजन्य नाही, हे वर्गाला आणि पालकांना त्यांनी सांगावे. वर्गात कांजिण्या किंवा गोवराची साथ असल्यास त्या घराला त्वरित कळवावे, कारण अशा मुलास ते आजार जिवावर बेतू शकतात. मुलगी परळला असेपर्यंत हजेरीपटावर तिचे नाव राहू द्यावे आणि वर्गातील मुलांनी तिला पत्रे लिहावीत. आपण परत येणार आहोत आणि आपली जागा राखून ठेवलेली आहे, हे त्या मुलीला कळले पाहिजे.