अनुमानाची परीक्षा
(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळेच्या हीरक महोत्सवात विज्ञानाविषयी बोलावे, असे निमंत्रण मला मिळाले. विज्ञानाच्या पराक्रमाविषयी आपण पुष्कळ ऐकतो. आज मी त्या पराक्रमामागील विचारपद्धतीविषयी, म्हणजे शंका, तर्क आणि पुनर्विचार यांविषयी बोलणार आहे. उदाहरणासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. आपल्या जबलपूरची बडा शिमला टेकडी आणि आपली नर्मदा एवढे पुरेसे आहे.

प्रथम नर्मदेकडे पाहू. गौतमाची न्यायसूत्रे आणि त्यांवरील वात्स्यायनाचे भाष्य यांत अनुमानाचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. नदीला पूर आलेला दिसला, तर वरच्या प्रदेशात पाऊस झाला असावा, असे आपण जाणतो. कार्यावरून कारणाकडे जाणाऱ्या या अनुमानाला ‘शेषवत्’ असे नाव आहे. परंतु सूत्रकार येथे थांबत नाहीत. ते स्वतःच आक्षेप नोंदवतात, की प्रवाह कोठे अडला तरीही पाणी चढते. मग पाणी चढलेले पाहून पावसाचे अनुमान कसे करावे? जबलपूरकरांना हा आक्षेप समजावून सांगावा लागत नाही. बरगीच्या धरणामागे पाणी चढते ते अडवल्यामुळे, आणि ग्वारीघाटावर चढते ते पुष्कळदा धरणाचे दरवाजे उघडल्यामुळे. त्या दिवशी वर पावसाचा थेंबही पडलेला नसेल.

या आक्षेपाला दिलेले उत्तर फार मोलाचे आहे. नुसते पाणी चढणे ही पुरेशी खूण नव्हे. प्रवाहाचा वेग वाढला आहे काय, फेस आहे काय, पाने, फळे, लाकडे वाहून येत आहेत काय, हे सर्व पाहावे आणि मगच अनुमान करावे. म्हणजे आक्षेपामुळे अनुमान मोडीत निघाले नाही, ते अधिक काटेकोर झाले. खरी चौकशी अशी चालते. ‘माझे म्हणणे कशामुळे बरोबर ठरेल?’ एवढेच विचारून ती थांबत नाही; ‘ते कशामुळे चूक ठरू शकेल?’ हा प्रश्नही ती स्वतःला विचारते.

आता टेकडीकडे वळू. १८२८ साली कॅप्टन विल्यम स्लीमन यांना बडा शिमला टेकडीच्या परिसरात काही अश्मीभूत हाडे सापडली. ठगांचा बंदोबस्त करणारे म्हणून इतिहासाला ठाऊक असलेले हेच ते स्लीमन. त्या वेळी ‘डायनासोर’ हा शब्दच जन्माला आलेला नव्हता; इंग्लंडमध्ये रिचर्ड ओवेन यांनी तो १८४२ साली रूढ केला. समोर वस्तू आहे, पण तिला नाव नाही, अशी ती अवस्था होती. ही हाडे पुढे कलकत्त्याला गेली. त्यांतील शेपटीच्या मणक्यांच्या आधारे १८७७ साली रिचर्ड लायडेकर यांनी ‘टायटनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिले. भारतात नाव मिळालेला हा पहिला डायनासोर होय. आपल्या गावाचा हा अभिमानविषय आहे आणि तो रास्तच आहे.

पण नाव देणे म्हणजे काय? एका वस्तूला इतरांपासून वेगळे करणारे लक्षण सांगणे. लायडेकर यांनी मणक्यांची घडण लक्षण म्हणून घेतली. प्रत्येक मणका पुढच्या बाजूने खोलगट आणि मागच्या बाजूने गोल फुगीर, शिवाय दोन्ही अंगांनी दबलेला. तोपर्यंत ज्ञात असलेल्या हाडांत ही घडण निराळी दिसत होती. म्हणून त्यांचा तर्क त्या काळच्या पुराव्याला धरूनच होता.

पुढे जगभर उत्खनने झाली. अर्जेंटिना, मादागास्कर, युरोप, लाओस अशा दूरदूरच्या प्रदेशांतील हाडांना याच प्रजातीचे नाव मिळत गेले आणि तिच्यात चौदा जाती गणल्या गेल्या. एकाच प्रजातीने एवढे भूखंड आणि सुमारे सहा कोटी वर्षांचा कालखंड व्यापावा, हे चमत्कारिकच होते. अखेर २००३ साली जेफ्री विल्सन आणि पॉल अपचर्च यांनी सर्व नमुने पुन्हा तपासले. तशी घडण एका मोठ्या गटातील अनेक प्राण्यांत आढळते, तेव्हा तिच्यावरून कोणतीही एक प्रजाती ओळखता येत नाही, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. ‘टायटनोसॉरस इंडिकस’ हे नाव संदिग्ध ठरले.

आपल्या न्यायशास्त्रात या दोषाला नाव आहे : अतिव्याप्ती. ‘शिंगे असलेला प्राणी म्हणजे गाय’ असे म्हटले, तर म्हैसही गाय ठरेल. ‘काळी असते ती गाय’ म्हटले, तर पांढरी गाय सुटून जाईल, ती अव्याप्ती. आणि ‘एकसंध खूर असलेली ती गाय’ म्हटले, तर एकही गाय हाती लागणार नाही, तो असंभव. गोठ्यातली ही तीन उदाहरणे ज्याला कळली, त्याला २००३ सालच्या त्या शोधनिबंधाचा गाभा कळला. विज्ञानाचा तर्क मायबोलीत मांडता येतो काय, अशी शंका अधूनमधून विचारली जाते. ती विचारणाऱ्यांनी हे तीन शब्द तपासून पाहावेत.

येथे दोन प्रतिक्रिया संभवतात. पहिली अभिमानाची : आमच्या गावाचा डायनासोर आमच्यापासून का हिरावता? दुसरी उपहासाची : हे शास्त्रज्ञ आज एक म्हणतात, उद्या दुसरे, मग त्यांच्यावर विश्वास तरी का ठेवावा? मला दुसरी अधिक घातक वाटते, कारण ती शहाणपणाचा वेष घेऊन येते आणि मुलांच्या मनात लवकर रुजते.

तिला उत्तर एवढेच, की काय बदलले आणि काय टिकले हे पाहावे. हाडे टिकली, हरवली अशी समजूत झालेला त्यांतला एक मूळ मणका तर २०१२ साली कलकत्त्याच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात पुन्हा गवसला. टेकडीतील थरांचा क्रम टिकला. ‘टायटनोसॉर’ हे मोठ्या गटाचे नावही आज वापरात आहे. मागे घेतला गेला तो फक्त पुराव्याला न पेलणारा दावा. हिशेब तपासून चुकीची रक्कम खोडणाऱ्या मुनिमावर आपला विश्वास कमी होत नाही, वाढतो. ज्या वहीत कधीच खाडाखोड नाही, तिच्याविषयीच शंका घ्यावी.

त्या थरांचेही एक उदाहरण सांगतो, कारण तेथे प्रश्न अजून जिवंत आहे. ही हाडे ज्या खडकांत सापडतात, त्यांना आपल्या लमेटा घाटावरून ‘लमेटा’ हे नाव मिळाले. त्यांच्यावर काळा बेसाल्ट पसरला आहे. ज्या लाव्ह्यापासून सह्याद्री घडला आणि ज्यात अजिंठा-वेरूळची लेणी कोरली गेली, त्याच दख्खनच्या लाव्ह्याचा हा विस्तार. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. म्हणून हा लाव्हा येथे पसरण्यापूर्वी, सुमारे साडेसहा ते सात कोटी वर्षांपूर्वी, हे प्राणी या भूमीवर वावरत होते.

पण ती भूमी कशी होती? काही अभ्यासकांनी लमेटाच्या वालुकाश्मांत सागरकिनाऱ्याच्या खुणा पाहिल्या. पुढे याच परिसरात डायनासोरांच्या अंड्यांचे अवशेष मिळाले. ‘अंडी जमिनीवर घातली जातात, म्हणून समुद्र नव्हता’ असे कोणी म्हणेल, पण थांबा. कासवे किनाऱ्याच्या वाळूतच अंडी घालतात. म्हणजे अंड्यांवरून घरटे जमिनीवर होते एवढेच कळते; किनारा जवळ नव्हता, हे कळत नाही. त्यासाठी निराळा पुरावा हवा. तो खडकांतच सापडला : प्राचीन मातीच्या, मुळांच्या आणि जमिनीत साकळलेल्या चुन्याच्या खुणा. त्यांवरून बहुतेक अभ्यासक आज नद्यांच्या अर्धशुष्क मैदानाचे चित्र रेखाटतात. तरीही समुद्राचा काही स्पर्श होता काय, ही चर्चा संपलेली नाही. फेस, पाने आणि लाकडे पाहायला सांगणाऱ्या न्यायशास्त्राचीच ही पुढची पायरी नव्हे काय?

न्यायदर्शनाच्या सोळा पदार्थांत ‘संशय’ हा एक स्वतंत्र पदार्थ आहे. जे मुळीच ज्ञात नाही किंवा ज्याचा निर्णय लागून गेला आहे त्याविषयी न्याय प्रवृत्त होत नाही, संशयित अर्थाविषयीच होतो, असे भाष्यकार म्हणतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कोलंबिया विद्यापीठातील गुरू जॉन ड्यूई यांनीही विसाव्या शतकात हेच निराळ्या वाटेने सांगितले : विचाराचा आरंभ अडखळण्यातून होतो, आणि चौकशी म्हणजे त्या अनिश्चित स्थितीला निश्चिततेकडे नेण्याचा शिस्तबद्ध प्रयत्न. संशयाला दोघांनीही आरंभाचे स्थान दिले, मुक्कामाचे नव्हे. सर्वच गोष्टींवर कायमचा अविश्वास ठेवणारा मनुष्य चौकस नसतो. तो केवळ श्रमातून सुटू पाहत असतो.

गुरुजनहो, म्हणून माझी एक विनंती आहे. ‘भारतात प्रथम नाव मिळालेला डायनासोर कोणता?’ हा प्रश्न परीक्षेत एका गुणाला जरूर विचारा. पण त्याच्या शेजारी आणखी एक प्रश्न असू द्या : ‘ते नाव पुढे संदिग्ध का ठरले?’ पहिल्याचे उत्तर पाठ करता येते. दुसऱ्यासाठी विचारच करावा लागतो. आणि एखाद्या विद्यार्थ्याने वर्गात ‘पण सर, कासवे तर किनाऱ्यावर अंडी घालतात’ असे म्हटले, तर अभ्यासक्रम मागे पडण्याची चिंता घटकाभर बाजूला ठेवावी. त्या घटकेत अभ्यासक्रम पुढेच गेलेला असतो.

बालमित्रांनो, तुमच्या गावची टेकडी दोनशे वर्षे प्रश्न विचारते आहे. तिची सगळी उत्तरे अजून लिहिली गेलेली नाहीत.