नादारीचा रकाना



माझ्या पिढीला 'नादारी' हा शब्द शाळेत भेटला. फी परवडत नसे त्या घरचे मूल नादारीचा अर्ज करी. मंजूर झाला की फी माफ. कायद्यात मात्र नादार म्हणजे देणी फेडू न शकणारा. आज त्या नादारीच्या मोजणीबद्दल बोलायचे आहे.

कंपनी बुडाली तर आपल्याकडे तिची नोंद चोख होते. 2016 मध्ये नादारी व दिवाळखोरी संहिता आली. थकबाकी किमान 1 कोटीची असली की धनको राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाचे दार ठोठावतो. किती प्रकरणे दाखल झाली, किती कंपन्या सावरल्या, किती मोडीत निघाल्या, धनकोंच्या हाती काय पडले, हे सारे या संहितेखालचे नादारी व दिवाळखोरी मंडळ दर तिमाहीला छापते.

आणि ज्याचे घरच बुडाले तो? दवाखान्यापायी सोने गहाण पडले, मग हातउसने झाले, मग एका फायनान्सचा हप्ता दुसऱ्याकडून उचलून भरला, असा माणूस त्या तक्त्यांत कुठेच नाही. संहितेत व्यक्तींसाठीही भाग आहे. पण 1 डिसेंबर 2019 पासून तो लागू झाला तो कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरताच. बाकीच्यांसाठी 1909 आणि 1920 चे इंग्रजी अमदानीतले कायदे. त्यातल्या 1920 च्या कायद्यात कर्जाचा उंबरठा 500 रुपयांचा आहे!

कॅनडात सरकारी कार्यालय दर महिन्याला घरांची आणि धंद्यांची नादारी वेगवेगळी मोजून जाहीर करते. 2024 मध्ये धंद्यांची प्रकरणे सुमारे 6 हजार होती, घरांची सुमारे 1 लाख 37 हजार. म्हणजे शंभरातली पंच्याण्णवहून जास्त घरांची. त्यातल्या बहुतेकांनी दिवाळे न काढता, पाच वर्षांच्या आत झेपेल तेवढे फेडण्याचा करार केला. आकडा वाढला की तिथे वर्तमानपत्रे लिहितात आणि सरकारला उत्तर द्यावे लागते.

आपल्याकडे व्यक्तीच्या दिवाळखोरीचा देशव्यापी आकडा मी शोधला. मिळाला तो राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात, आत्महत्यांच्या कारणांत. 'दिवाळखोरी किंवा कर्जबाजारीपणा' असा तिथे रकाना आहे. 2018 ते 2020 या तीन वर्षांत त्यात 16,091 माणसे आहेत. जिवंतपणी ज्यांची कुणी नोंद केली नाही, ती. हे वाचून मी बराच वेळ पुढचे पान उलटू शकलो नाही.

मोजणे आपल्याला परके नाही. 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, तेव्हा चौकशी आयोग गावोगाव फिरला आणि किती खातेदार कर्जात आहेत ते त्याने मोजले. तिसरा हिस्सा निघाला. त्यानंतर 1879 चा कायदा आला आणि पैशाच्या हुकूमनाम्यापायी दख्खनच्या शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे थांबले.

आजच्या संहितेतही गरिबासाठी 'नवी सुरुवात' नावाचे प्रकरण लिहिलेले आहे. वर्षाचे उत्पन्न 60 हजारांच्या आत, मालमत्ता 20 हजारांच्या आत, कर्ज 35 हजारांच्या आत, स्वतःचे घर नाही, अशाला कर्जातून मोकळे करण्याची त्यात सोय आहे. ते अंमलात आणायला लागते ती एक अधिसूचना. ती निघाली की पहिल्याच तिमाहीत अर्जदारांची मोजणी सुरू करावी, एवढी माझी मागणी आहे.