रेनकोट फेकण्याआधी

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात मे महिन्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



रौप्यमहोत्सवी वर्षात प्रत्येक ज्येष्ठ सभासदाने आपल्याला येत असलेलं काहीतरी सांगावं, असं समितीने ठरवलं. बँकेत छत्तीस वर्षं काढलेला माणूस मुदतठेवींवर बोलणार, अशी धास्ती काहींनी घेतली असेल. घाबरू नका. आजचा विषय आहे गळका रेनकोट. आठ-दहा दिवसांत माळ्यावरून रेनकोट, छत्र्या, ट्रेकच्या सॅक खाली येतील, तेव्हा हाच मुहूर्त बरा.

आधी एक कबुली देतो. गेल्या वर्षी मी खजिनदार होतो. वॉचमनसाठी तीन नवे रेनकोट घ्यायचा प्रस्ताव माझ्यासमोर आला. मी शेरा मारला, ‘दोन वर्षांपूर्वीच घेतले आहेत. आवश्यकता नाही.’ प्रस्ताव परत. जुलैत एका रात्री मुलीला स्टेशनवरून घेऊन दीडच्या सुमारास परतलो. पाऊस नुसता कोसळत होता. रात्रपाळीच्या वॉचमननी गेट उघडलं. केबिनच्या दिव्याखाली त्यांनी रेनकोट काढला, तर आतला शर्ट पिळून काढावा इतका ओला. मी विचारलं, तर हसून म्हणाले, “साहेब, घातला काय नि नाही काय, सारखंच. घातला की ड्युटीवर आहे एवढं दिसतं.” दोन दिवसांनी ते तापाने पडले. चार दिवस खाडा झाला आणि खाड्याचे पैसेही कापले गेले. शेरा माझ्या हस्ताक्षरातला होता.

दुसऱ्या दिवशी तिन्ही रेनकोट मी घरी आणले. बँकेत कर्ज थकलं की आधी कारण शोधायचं, मग उपाय. इथेही तेच. गळणारा प्रत्येक रेनकोट एकाच कारणाने गळत नाही.

तपासणी तीन प्रकारची. पहिली, खांद्यावर पाणी शिंपडा. थेंब मोत्यासारखे घरंगळले तर वरचं कापड ठीक. कापड काळपट होऊन पाणी प्यायलं तर वरचा पाणी झटकणारा लेप थकला आहे. दुसरी, आतली बाजू उजेडात बघा. तिथे रबरासारखा पातळ थर असतो. त्याचे पोपडे निघत असतील, तो चिकट झाला असेल, तर दुखणं मोठं आहे. तिसरी, शिवण. शिवणीचा भाग ओंजळीसारखा खोलगट धरायचा, त्यात पेलाभर पाणी ओतायचं आणि खाली वर्तमानपत्र ठेवायचं. जिथून थेंब पडेल तिथे खडूने खूण करायची. सुईच्या प्रत्येक टोच्यातून पाणी येऊ शकतं, म्हणून कारखान्यात आतून शिवणीवर पट्टी चिकटवतात. ती पट्टी सुटली की गळती सुरू.

आपल्या तीन रेनकोटांत तीन वेगळी दुखणी निघाली.

पहिल्याचा फक्त वरचा लेप थकला होता, आणि त्याला अर्धं कारण धुण्याची पावडर. डिटर्जंटचा अंश कापडात राहिला की तो पाणी ओढून घेतो. कपडे मऊ करणारं कंडिशनर त्याहून वाईट. उपाय साधा. कोमट पाण्यात थोडा सौम्य लिक्विड सोप घालून हाताने धुवा, तीन-चार पाण्यांतून खळबळून काढा, न पिळता सावलीत वाळवा. मग लेबलवर इस्त्रीची परवानगी असेल तरच, वर सुती कापड टाकून, वाफेशिवाय, अगदी कमी गरम इस्त्री फिरवा. नाहीतर केस वाळवायचा ड्रायर थोड्या अंतरावरून. उष्णतेने तो लेप पुन्हा जागा होतो. तरीही थेंब घरंगळले नाहीत, तर ट्रेकिंगच्या सामानाच्या दुकानात फवारायचा लेप मिळतो. तो फ्लोरिनविरहित बघून घ्या. फ्लोरिनची ती रसायनं निसर्गात विघटित होता होत नाहीत. साध्या प्लॅस्टिकच्या रेनकोटला मात्र इस्त्री चुकूनही लावू नका. रेनकोट जाईल आणि इस्त्रीही.

नातवाच्या महागड्या जॅकेटचंही हेच झालं होतं. राजमाचीहून आला तो ‘आजोबा, फसवलं दुकानदाराने’ म्हणत. जॅकेट फाटलं नव्हतं. वरचं कापड पाण्याने भरलं की आतला घाम बाहेर पडत नाही, आणि आपल्याला वाटतं पाऊस आत आला. एकदा नीट धुऊन वाळवल्यावर दुकानदार निर्दोष सुटला!

दुसरा रेनकोट खांद्याच्या शिवणीत गळत होता. हार्डवेअरच्या दुकानातून पारदर्शक सिलिकॉन सीलंटची ट्यूब आणा. एक भाग सिलिकॉन, साधारण तीन भाग टर्पेंटाइन, जुन्या डब्यात काडीने ढवळा. पातळ झालं की जुन्या टूथब्रशने शिवणीवर बाहेरच्या बाजूने लावा. दोऱ्यात मुरलं पाहिजे. जास्तीचं फडक्याने पुसा, एक दिवस वाळू द्या, चिकट वाटलं तर वर टाल्कम पावडर भुरभुरवा. आधी एका कोपऱ्यात लावून बघा. दुसऱ्या दिवशी नखाने सालपटासारखं निघालं तर त्या कापडाला सिलिकॉन चालत नाही, शिवणीसाठीचं वेगळं पॉलियुरेथेन सीलर घ्यावं लागेल. आणि हो, टर्पेंटाइन पेट घेतं, वासाने डोकंही धरतं. हे काम गच्चीवर करायचं, गॅसजवळ नाही, मुलांच्या हाती नाही. छत्री आणि तंबूच्या शिवणींनाही हाच उपाय चालतो.

तिसऱ्या रेनकोटच्या आतल्या थराचे पोपडे पडले होते. दमट हवेत घडी करून कोंबून ठेवला की तो थर कुजतो. त्याला घरगुती उपाय नाही. बँकेच्या भाषेत, बुडीत खातं. तिथे काटकसर दाखवण्यात अर्थ नसतो, नवाच घ्यावा लागतो.

आता खास आवडीचा भाग. माझी ट्रेकची जुनी कॅनव्हासची सॅक अजून आहे. सुती जाड कापडासाठी तुरटीचा जुना उपाय आहे. अर्धा किलो साधा कपड्यांचा साबण किसून आठ लिटर गरम पाण्यात विरघळवा, त्यात कापड मुरवून वाळवा. मग पाव किलो तुरटी आठ लिटर गरम पाण्यात विरघळवून त्यात कापड बुडवा आणि पुन्हा वाळवा. साबण आणि तुरटी मिळून धाग्यांत पाण्यात न विरघळणारा साबण तयार होतो, तो पाणी झटकतो. साबण खरा तेलापासूनचा हवा, डिटर्जंटच्या वडीने हे होत नाही. अधूनमधून पुन्हा करावं लागतं. कोसळत्या पावसात तासन्‌तास टिकेल असं नाही, पण भुरभुर पावसात सॅकमधली शिदोरी कोरडी राहते. नायलॉनवर मात्र याचा उपयोग नाही.

शेवटचं. पावसाळा संपला की रेनकोट पूर्ण वाळवून हँगरवर टांगा. छत्री उघडून वाळवा, मग मिटा. यात एक पैसाही लागत नाही आणि निम्मी दुरुस्ती टळते.

त्या जुलैत दोन रेनकोट घरीच दुरुस्त झाले. ट्यूब, टर्पेंटाइन सगळं मिळून खर्च एका नव्या रेनकोटहूनही कमी आला. तिसऱ्यासाठी नव्या रेनकोटचं व्हाउचर मीच लिहिलं, मीच सही केली. वॉचमननी नवा घातला तेव्हा मी म्हटलं, “आता गळला तर लगेच सांगायचं.” ते म्हणाले, “साहेब, आधीही सांगितलं होतं.” खरं होतं. निरोप कार्यालयापर्यंत आला होता, माझ्यापर्यंतही आला होता. कागद तपासला, रेनकोट तपासला नाही.

म्हणून एक विनंती. येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता गच्चीवर या. ट्यूब, टर्पेंटाइन, ब्रश मी आणतो. आपापले रेनकोट आणाच, पण त्याआधी आपल्याकडे कामाला येणाऱ्या ताईंचा, दूधवाल्याचा, पेपर टाकणाऱ्या मुलाचा रेनकोट विचारून घेऊन या. आपण पावसात रिक्षापर्यंत जातो, ते दिवसभर पावसात असतात. रांगेत पहिला नंबर त्यांचा.