दूध आणि आतड्याचा दाह



दुधाला आपण पूर्णान्न मानतो आणि आजाऱ्याच्या उशाशी प्रथम दुधाचाच पेला ठेवतो. परंतु आतड्याच्या दाहाने पीडलेल्या मनुष्याला दोन टोकांचे उपदेश ऐकावे लागतात. एक म्हणतो, ‘शक्ती हवी, दूध प्यायलाच हवे’. दुसरा म्हणतो, ‘दूध हेच विष, ते वर्ज्य कर.’ या दोहोंमध्ये सत्य कोठे आहे, एवढेच मी आज सांगणार आहे.

दुधात लॅक्टोज नावाची दुग्धशर्करा असते. गाईच्या १०० मिलिलिटर दुधात ती सुमारे ५ ग्रॅम भरते. लहान आतड्याच्या अस्तरातील लॅक्टेज हे पाचकद्रव्य तिचे विघटन करते. बालपण सरल्यावर जगातील बहुसंख्य माणसांत हे द्रव्य कमी होते. मग न पचलेली शर्करा मोठ्या आतड्यात जाऊन आंबते. पोट फुगते, मुरडा येतो, जुलाब होतात. हा त्रास खरा. परंतु त्याने आतड्याला जखम होत नाही.

आतड्याचा दाह ही निराळी व्याधी होय. तिचे मुख्य प्रकार दोन. पहिला क्रोन्स; त्याचे वर्णन १९३२ साली न्यूयॉर्कचे डॉ. बरिल क्रोन व त्यांचे सहकारी यांनी प्रसिद्ध केले. यात लहान आतडे सुजले तर लॅक्टेज आणखी घटू शकते. दुसरा अल्सरेटिव्ह कोलायटिस. तो मोठ्या आतड्याचा असल्यामुळे लॅक्टेजवर त्याचा सहसा परिणाम होत नाही. मात्र जुलाब व मुरडा दोन्हीकडे सारखेच, आणि येथेच घात होतो. शौचावाटे रक्त, ताप, वजन घटणे ही दूध न पचल्याची लक्षणे नव्हेत. अशा वेळी केवळ दूध सोडून वाट पाहणे म्हणजे मूळ रोगाला मोकळे रान देणे होय.

उलटपक्षी, ज्याला दूध पचते त्याचे दूध तोडणे हेही अहिताचेच. दाहामुळे व दीर्घकाळ घेतलेल्या स्टिरॉइड औषधांमुळे या रोग्यांची हाडे ठिसूळ होण्याचा धोका असतो. त्यांना कॅल्शियमची गरज असते.

मग करावे काय? डॉक्टरांच्या सल्ल्याने श्वासातील हायड्रोजन मोजण्याची तपासणी करून घ्यावी. किंवा त्यांच्याच देखरेखीखाली दूध काही दिवस थांबवून थोडे थोडे पुन्हा घेऊन पाहावे. लॅक्टेज कमी असलेल्या बहुतेकांना एका वेळी १२ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे पेलाभर दूध, सोसते. विरजणाने शर्करा काहीशी घटते, म्हणून दही-ताक अनेकांना मानवते. तुपात ती नाममात्र असते. आटवलेल्या बासुंदीत मात्र ती दाटते. दूध मुळीच न सोसल्यास कॅल्शियमसाठी नाचणी आहे.

तेव्हा पंगतीत कोणी बासुंदी नाकारली तर आग्रह करू नये, आणि कोणी ताक मागितले तर उपदेशही करू नये. रोग्याचे पथ्य आपल्या मायेने वा ऐकीव मताने ठरत नसते. ते त्याच्या अनुभवाने आणि तज्ज्ञाच्या सल्ल्याने ठरावे, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.