रिपोर्ट आधी, औषध मग

स्वागताध्यक्षाने या करवीरनगरीचा इतिहास सांगावा अशी रीत आहे. तो आपणांस ठाऊक आहे, आणि तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचे कौतुक पंगतीत होईलच. मला मिळालेली मिनिटे मी एकाच आग्रहासाठी खर्च करणार आहे. फुफ्फुसाचा कर्करोग पसरलेला असेल, त्यातही तो अ‍ॅडेनोकार्सिनोमा असेल, तर गाठीच्या जनुकीय तपासणीचा रिपोर्ट पाहिल्याशिवाय उपचार ठरवू नयेत.

गेफिटिनिब ही गोळी आली तेव्हा ती मोजक्या रुग्णांना विलक्षण लागू पडे, बाकीच्यांना जवळजवळ नाहीच. त्याचे कारण 2004 साली बोस्टनमधील संशोधकांच्या दोन गटांना सापडले: ज्यांच्या गाठीत ईजीएफआर जनुकात बदल झालेला होता, त्यांनाच गुण येत होता. मग 2009 मध्ये आशियाई रुग्णांवरील ‘आयपास’ चाचणीचे निष्कर्ष आले. बदल असलेल्यांपैकी सुमारे 71 टक्के रुग्णांच्या गाठी गोळीने आक्रसल्या, केमोने 47 टक्क्यांच्या. बदल नसलेल्यांत मात्र गोळीचा उपयोग शंभरात एखाद्यालाच झाला, केमोचा 23 जणांना. आकड्यांच्या या दुसऱ्या जोडीकडे आपले पुरेसे लक्ष जात नाही. तपासणी न करता ‘बघू तरी’ म्हणून गोळी सुरू करणे निरुपद्रवी नाही, त्यात रुग्णाचे हक्काचे महिने जातात. म्हणून ‘निगेटिव्ह’ रिपोर्टचे पैसे वाया गेले असे मी मानत नाही.

हे सारे परदेशातले, आपल्याकडे असे रुग्ण किती, असे कोणी म्हणेल. मुंबईच्या टाटा मेमोरियलशी संबंधित संशोधकांनी 2013 मध्ये 907 भारतीय रुग्णांच्या गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात 23 टक्क्यांत ईजीएफआरचा बदल आढळला, म्हणजे जवळपास चारांत एक. त्याच टाटामध्ये बदल असलेल्या 350 रुग्णांवर चाचणी झाली. नुसत्या गेफिटिनिबवर आजार सरासरी 8 महिने आटोक्यात राहिला, जोडीला केमो दिल्यावर 16 महिने. तीव्र दुष्परिणामही दुप्पट झाले, हे लपवण्याचे कारण नाही. कोणाला काय झेपेल हे डॉक्टर आणि रुग्णाने मिळून ठरवावे. पण ठरवायला आधी रिपोर्ट हवा.

सर्वांत रास्त आक्षेप वेळेचा आहे. आपल्या भागात अनेकांचे पहिले काही महिने क्षयाच्या गोळ्यांतच गेलेले असतात. एक्स-रेवरचा डाग पाहून तेच निदान आधी सुचते. त्यावर आणखी दोन-तीन आठवडे थांबा म्हटले तर घरच्यांचा धीर सुटणारच. रुग्णाला धाप असह्य होत असेल तर खुशाल केमोचा पहिला डोस द्यावा. इम्युनोथेरपी मात्र रिपोर्ट येईपर्यंत रोखावी, कारण ईजीएफआर किंवा एएलके या जनुकांत बदल असेल तर तिचा फायदा सहसा कमी होतो, आणि तिच्यामागोमाग ऑसिमर्टिनिब ही ईजीएफआरवरची नवी गोळी दिल्यास फुफ्फुसाला सूज येण्याचा धोका वाढतो. दुसरा आक्षेप पैशाचा. ऑसिमर्टिनिब आजही सामान्य घराला जड जाते, 2024 च्या अर्थसंकल्पात सीमाशुल्क माफ झाले तरीही. पण गेफिटिनिबच्या भारतीय गोळ्या पुष्कळ स्वस्त आहेत. महागडे औषध परवडणार नाही म्हणून तपासणीच नको, असे ठरवणाऱ्या घरात परवडणारे औषधही पोहोचत नाही. ‘बिडी ओढणाऱ्याला कशाला तपासायचे?’ हा प्रश्न तर सोडूनच द्यावा. न ओढणाऱ्यांत हे बदल अधिक आढळतात, पण ओढणाऱ्यांतही आढळतात.

नातेवाईक दबक्या आवाजात विचारतात, ‘मग हे मुलांनाही होणार का?’ हा बदल बहुधा गाठीतल्या पेशींत आयुष्यात पुढे घडलेला असतो, आईबापांकडून आलेला नसतो. हे त्यांना पहिल्याच भेटीत सांगितले पाहिजे. तपासणीसाठी रुग्णाने महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईपर्यंत रात्रभर प्रवास करण्याचीही गरज नाही. मेणात जतन केलेला तुकडा, आपण ज्याला ब्लॉक म्हणतो, तो कुरिअरने जातो. अडते ते तुकडा पुरेसा नसतो तिथे. इवल्याशा तुकड्यावर निदानाच्याच इतक्या चाचण्या होतात की जनुकीय तपासणीला काही उरत नाही. मग रक्ताची तपासणी करता येते, पण रक्तात बदल दिसला नाही म्हणजे गाठीत तो नाहीच, असे म्हणता येत नाही. तेव्हा सुई घालणारा, तुकडा पाहणारा आणि औषध लिहिणारा, या तिघांनी बायोप्सीच्या आधी एकमेकांशी बोलायला हवे. आज ते तिघेही या सभागृहात आहेत. तुकडा किती आणि कसा घ्यावा, यावर पुढचे सत्र आहे. त्याचा वेळ मी खात नाही.