शंभरातल्या पाचांचं गणित



बारावीचा निकाल लागला की गटाच्या बैठकीत बचतीच्या वहीबरोबर आणखी एक कागद येऊ लागतो. गुळगुळीत, रंगीत, वर काचेच्या इमारतीचा फोटो. खाजगी विद्यापीठाचं माहितीपत्रक. त्यातल्या काहींवर एक ओळ मोठ्या अक्षरात असते: अर्ज इतके हजार आले, निवड शंभरातल्या चार-पाच जणांचीच. ती ओळ वाचली की आईचा जीव वरखाली होतो. एवढ्या गर्दीतून आपल्या पोरीचा नंबर लागला, आता सोडायचं कसं? मग विचारणा होते, ताई, गटातून किती कर्ज निघेल?

कर्जाचं गट बघेल. आज आम्ही त्या एका ओळीबद्दल बोलणार आहोत. शंभरात किती जणांना प्रवेश मिळाला, त्याला आपण प्रवेशाचा टक्का म्हणू. हा टक्का कशानं खाली येतो, आणि तो खाली आला म्हणजे शिकवणं चांगलं झालं का?

आधी आपल्या गावातलं उदाहरण घेऊ. अंगणवाडीत मदतनिसाची एक जागा निघाली. पाच जणींनी अर्ज केले, एकीला काम मिळालं. टक्का झाला वीस. पुढच्या वेळी दवंडी जोरात पिटली, व्हॉट्सॲपवर फिरवली, अर्ज आले शंभर. जागा एकच. टक्का झाला एक. अंगणवाडी तीच, खिचडी तीच, पगार तोच. बदलला तो फक्त अर्जांचा गठ्ठा.

हेच जगातल्या एका नामांकित ठिकाणी कसं घडलं ते सांगतो. ठिकाण आहे अमेरिकेतलं शिकागो. स्वामी विवेकानंदांच्या १८९३ च्या भाषणामुळे हे नाव आपल्याकडे शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. त्याच्या आदल्याच वर्षी, १८९२ मध्ये, त्या शहरात शिकागो विद्यापीठाचे वर्ग सुरू झाले. तेलाच्या धंद्यात गडगंज झालेल्या रॉकफेलर यांच्या देणगीतून उभं राहिलेलं हे खाजगी विद्यापीठ. पहिल्या वर्षापासून मुलींना मुलांच्या बरोबरीनं प्रवेश होता, हे जाता जाता सांगायला हवं. ज्यांना नोबेल मिळालं ते आपले चंद्रशेखर, ताऱ्यांचा अभ्यास करणारे, त्यांनी आयुष्यभर तिथेच शिकवलं.

तर या विद्यापीठात पदवीसाठी अर्ज करणाऱ्या शंभरातल्या किती जणांना १९९३ साली प्रवेश मिळत होता? सत्त्याहत्तर. आपल्या हिशेबानं चारातल्या तिघांना. आणि विद्यापीठ काही पडीक नव्हतं. १९९०, १९९१, १९९२ आणि १९९३, अशी सलग चार वर्षं अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्यांत शिकागोचा प्राध्यापक होता. म्हणजे ज्या वर्षी दार एवढं सताड उघडं होतं, त्याच वर्षी आत शिकवणारी माणसं जगातली पहिल्या पंक्तीची होती.

मग लोक अर्ज का करत नव्हते? कारण तिथला अभ्यास कुप्रसिद्ध होता. थंडी कडाक्याची, वाचन डोंगराएवढं. मौजमजा इथे मरायला येते, असं लिहिलेले टी-शर्ट तिथली पोरं स्वतःच घालून फिरायची. अर्जही वेगळाच. त्यात निबंध लिहायला विचित्र प्रश्न असायचे. एका वर्षी विचारलं होतं, बुधवारबद्दल तुम्हाला काय वाटतं? ज्याला असलं काही लिहायचा कंटाळा तो वाटेला जायचाच नाही. येणारा आधीच चाळून आलेला असायचा. म्हणून आलेल्यांतले बहुतेक घेतले तरी विद्यापीठाचं काही बिघडत नव्हतं.

पण पैशांची ओढाताण होती. तेव्हा पदवीची मुलं सगळी मिळून साडेतीन हजारांच्या आसपास. १९९० नंतरच्या दशकात अध्यक्ष ह्यूगो सोनेनशाइन यांनी ठरवलं की ही संख्या साडेचार हजारांवर न्यायची आणि सक्तीचे विषय थोडे कमी करायचे. विद्यार्थी आणि प्राध्यापक खवळले. अभ्यास पातळ होईल, असं त्यांचं म्हणणं. सोनेनशाइन २००० मध्ये पायउतार झाले, पण वाढ थांबली नाही. आज तिथे पदवीला सात हजारांहून जास्त मुलं आहेत.

इथे थांबून विचार करा. जागा दुप्पट झाल्या. साध्या हिशेबानं टक्का वाढायला हवा. झालं उलटं. २००६ मध्ये टक्का अडतीसच्या आसपास आला. २०१३ मध्ये नवाच्या खाली. २०२२ मध्ये साडेपाचच्याही खाली.

याचं पहिलं कारण अर्जांचा गठ्ठा. २००६ मध्ये अर्ज होते साडेनऊ हजारांच्या आसपास. २०१३ मध्ये तीस हजारांवर. २०२२ मध्ये सदतीस हजारांच्या पुढे. मुलं काही एकदम चौपट हुशार झाली नाहीत. अर्ज करणं सोपं झालं. अमेरिकेत अनेक विद्यापीठांसाठी एकच सामाईक अर्ज चालतो, एकदा भरा आणि वीस ठिकाणांपर्यंत पाठवा. शिकागो आधी त्यात नव्हतं. २००८ च्या हंगामापासून सामील झालं आणि अर्ज भराभर वाढले. २०१४ मध्ये आर्थिक मदत मागणाऱ्यांचं अर्ज-शुल्क काढलं. २०१८ मध्ये सामाईक परीक्षेचे गुण देणं ऐच्छिक केलं, आणि वर्षाला सव्वा लाख डॉलरच्या आत उत्पन्न असलेल्या तिथल्या घरांतल्या मुलांना शिकवणीची फी माफ केली. ही पावलं वाईट नाहीत. गरीब घरातल्या मुलाला दार ठोठावता आलं, हे चांगलंच झालं. पण ज्याला मिळणार नाही असे हजारो अर्जही त्याच वाटेनं आले, आणि प्रत्येक नाकारलेल्या अर्जानं टक्का आणखी खाली ओढला.

आणि एक लक्षात घ्या. अर्ज म्हणजे माणूस नव्हे. एकाच पोराचा बायोडाटा वीस घरी फिरला म्हणून लग्नाची पोरं वीस होत नाहीत.

अर्ज वाढवायचा तिथे धंदाही आहे. परीक्षा घेणारी संस्था मुलांची नावं-पत्ते विद्यापीठांना विकते. २०१९ मध्ये तिथल्या वर्तमानपत्रात याची मोठी बातमी आली होती, तेव्हा भाव होता एका नावाला सत्तेचाळीस सेंट. विद्यापीठं ही नावं विकत घेतात आणि घरोघरी रंगीत पुस्तिका धाडतात. मुलाला वाटतं, एवढ्या मोठ्या ठिकाणाहून आपल्याला पत्र आलं, म्हणजे आपली निवड होणार. तो अर्ज करतो, नाकारला जातो, आणि विद्यापीठाचा टक्का सुधारतो. आम्हाला हे वाचून आपल्याकडचे ते फोन आठवले: अभिनंदन, आपला नंबर निवडला गेला आहे.

दुसरं कारण समजायला पंगतीचा हिशेब घ्या. लग्नाला शंभर जणांना आवतण दिलं आणि तीसच येतात असा अनुभव असेल, तर पंगत भरायला भरपूर आवतणं द्यावी लागतात. शंभरातले ऐंशी येणार हे पक्कं असेल, तर थोड्या आवतणांत काम होतं. शिकागोला १९९० च्या दशकात बोलावलेल्यांपैकी तिसरा हिस्साच मुलं यायची, बाकीची दुसरीकडे जायची. म्हणून हजार जागा भरायला साडेतीन हजारांच्या घरात पत्रं पाठवावी लागत. २०२२ मध्ये पत्रं गेली दोन हजारांच्या थोडी वर आणि मुलं आली सतराशेच्या आसपास. मुलं जास्त, पत्रं कमी. टक्का खाली.

येणं पक्कं कसं केलं? नाव मोठं झालं हे एक. दुसरं म्हणजे २०१६ पासून तिथे बांधिलकीचा अर्ज सुरू झाला. मुलानं आधीच लिहून द्यायचं, तुम्ही घेतलंत तर मी येणारच. असा अर्ज एका वेळी एकाच ठिकाणी करता येतो. आता सांगा, असं आधी कोण लिहून देईल? ज्याला चार ठिकाणची फी आणि मदत ताडून बघायची गरज नाही तो. जिला बघावीच लागते तिच्यासाठी ही वाट अवघड. शंभरात पाच म्हणतात, पण ते शंभर एका रांगेत उभे नसतात.

हे आमच्या मनाचं नाही. २०२३ मध्ये राज चेट्टी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या बारा निवडक खाजगी विद्यापीठांचा अभ्यास मांडला. शिकागो त्या बारांत आहे. परीक्षेत गुण सारखे असले तरी सगळ्यांत श्रीमंत एक टक्का घरांतली मुलं मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून जास्त प्रमाणात तिथे पोचतात, असं त्यांना दिसलं. प्रवेश देतानाच झुकतं माप मिळतं: आईवडील तिथेच शिकलेले असणं, महागड्या खेळातली निवड, आणि अभ्यासाबाहेरच्या गोष्टींना मिळणारे गुण, ज्यांत महागड्या शाळांतली मुलं पुढे असतात. टक्का छापताना यातलं काहीच छापत नाहीत.

मग विद्यापीठांना टक्का खाली आणायची एवढी हौस का? तिथे एक साप्ताहिक होतं, यू.एस. न्यूज अँड वर्ल्ड रिपोर्ट. ते दरवर्षी विद्यापीठांची क्रमवारी छापू लागलं आणि त्यात प्रवेशाच्या टक्क्यालाही गुण होते. गुण थोडेच, पण चढाओढ मोठी. २०१८ मध्ये त्यांनी हा निकष काढून टाकला. लोकांच्या डोक्यातून मात्र तो गेला नाही. आई-बापांना अजून वाटतं, जिथे कमी घेतात ते भारी.

सगळीच बनवाबनवी आहे असं आम्ही म्हणत नाही. अर्ज वाढल्यावर विद्यापीठाला निवडायला जास्त हुशार मुलं मिळाली हे खरं. तिथे आज प्रवेश मिळवणं १९९३ पेक्षा फार अवघड आहे हेही खरं. पण आत गेल्यावर काय शिकवतात, किती जण पदवी पूर्ण करतात, बाहेर पडताना डोक्यावर किती कर्ज असतं, यातलं काहीही त्या टक्क्यात नाही. दार किती अरुंद आहे एवढंच तो सांगतो.

आता आपल्या कागदाकडे येऊ. माहितीपत्रकावर शंभरातले पाच असं लिहिलं असेल तर आम्ही आयांना पहिला प्रश्न हा विचारायला सांगतो: शंभर कोण मोजले? संकेतस्थळावर नुसता मोबाइल नंबर टाकणाराही अर्जदार धरला का? काही ठिकाणी तसंच असल्याचं पुढे उघड होतं. आणि पाच मोजताना व्यवस्थापन कोट्याच्या जागा धरल्या की वगळल्या? समोरचा माणूस घुटमळला तर समजून घ्या.

मग फी विचारा, पण पहिल्या वर्षाची नको. सगळ्या वर्षांची मिळून, वसतिगृह आणि मेस धरून, कागदावर लिहून मागा. बसलेल्यांपैकी शेवटच्या वर्षाला किती जणी पास झाल्या तेही विचारा. शेजारच्या तालुक्यातली एखादी मुलगी तिथे शिकत असेल तर तिच्या आईला फोन करा, दहा मिनिटांत माहितीपत्रकापेक्षा जास्त कळतं.

सगळ्यांत मोठी गोष्ट फी माफीची, आणि इथे बरीच घरं फसतात. २०२४-२५ पासून आपल्या सरकारनं व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या मुलींची शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची पूर्ण भरपाई सुरू केली आहे. मुलगी आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातली, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गातली किंवा इतर मागास वर्गातली हवी, आणि घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. अनुसूचित जाती-जमातींसाठीच्या योजना वेगळ्या आहेत. पण अट अशी की प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे ज्याला कॅप म्हणतात त्यातून झालेला असला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला ही सवलत नाही. खाजगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यांनाही ती लागू नाही. म्हणजे त्याच मुलीला जिल्ह्याच्या महाविद्यालयात कॅपमधून जागा मिळाली तर शिक्षण शुल्क शून्य, आणि शंभरातले पाच लिहिणाऱ्या ठिकाणी गेली तर पूर्ण रक्कम, तीही बहुधा आपल्याच गटाच्या कर्जातून.

काही ठिकाणी कॅपची यादी लागायच्या आधीच जागा पक्की करण्यासाठी पैसे भरायला सांगतात. आजच भरा, उद्या जागा जाईल, असा धोशा लावतात. भरण्याआधी विचारा, कॅपमध्ये नंबर लागला तर हे पैसे परत मिळतील का, किती कापून आणि किती दिवसांत. उत्तर लेखी घ्या.

ज्यांच्या घरी असा कागद आलेला आहे त्यांनी तो या महिन्याच्या बैठकीला आणावा. सोबत मुलीची गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला आणि कॅपच्या अर्जाची पावती असू द्या. फी आणि कर्जाचा हप्ता वहीत मांडून बघू, मुलीलाही शेजारी बसवा.